एंटर म्हणजे नाही

विजया,

काल शबानाच्या दुकानात जाऊन आलो. कशासाठी ते शेवटाला सांगतो, कारण ते आधी लिहायला घेतलं तर पुढचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू जाऊन आठवडासुद्धा झाला नाही, आणि लिहायला बसताना मी सवयीनं मनात म्हटलं, आता मधे टोकू नकोस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं 'पण दत्ता' सुरू व्हायचं ना. आज एकदाचं मला सलग बोलता येतंय आणि त्यात काही मजा नाही.

घरी येऊन लोक तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून गेले. शांत होती म्हणे, सोशिक होती म्हणे. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. अगं, क्रांती चौकातल्या त्या सायकलच्या दुकानावरच्या माडीत तू माझ्याशी जितकी भांडलीस, तितकी माझी बायको अख्ख्या संसारात भांडली नाही. म्हणून म्हटलं, माझ्यापुरतं तरी खरं काय ते लिहावं.

आपलं कॉम्प्युटरचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक मोठी मशीन आणि तिला जोडलेले काही पडदे. एसी मशीनला आणि पंखा आपल्याला. चितेगावकडं, वाळूजकडं रोज नवीन शेड उभी राहत होती, गावागावांतली पोरं डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर उभी राहायला लागली होती, आणि त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या छापायचं काम आपल्याकडं. मी गंगापूरकडचा, मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातला. आबा म्हणायचे, दत्त्या आता खुर्चीत बसून राखण करतो. तू शहरात मावशीकडं वाढलेली. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावात तुमचं घर जाळलं, तू तेव्हा परकरात होतीस, आईनं उचललं आणि मिळेल त्या एसटीत बसवलं. हे तू मला एकदाच सांगितलंस, बशीतला चहा फुंकत, आणि पुढच्याच वाक्याला म्हणालीस, "तुझ्या पडद्यावर तिसऱ्या ओळीत काय गोंधळ घातलास बघ." मी तिसरी ओळ बघितली. खरंच गोंधळ होता.

शबाना तेव्हा टाइप करायला नुकतीच लागली होती. बोटं लई चपळ, पण घाबरट. घरात तिचाच एकटीचा पगार येत होता, म्हणून जास्तच घाबरट. कारखान्यातून नावांच्या, पत्त्यांच्या दुरुस्त्या यायच्या आणि त्या करायला आपण पोरींना एक हुकूम शिकवला होता: एस टाका, मग तिरपी रेघ, मग जुना मजकूर, परत रेघ, मग नवा मजकूर, शेवटी रेघ. मशीन सगळ्या फाइलीतून जुनं काढून नवं घालायची. वापरायला सोपा हुकूम, आणि घात करायलाही तेवढाच सोपा.

एका कामगाराचं नाव फाइलीत नुसतं राम होतं. त्यानं अर्ज दिला, माझं नाव रामचंद्र आहे. शबानानं हुकूम टाकला, राम काढ, रामचंद्र घाल. मशीननं इमानदारीत काम केलं. पगाराच्या दिवशी चितेगावच्या गेटवर सखाराम आला तो सखारामचंद्र झाला होता, तुकारामचा तुकारामचंद्र, रामदासचा रामचंद्रदास. आधी लोक खो खो हसले. मग एकानं सही करायला नकार दिला. "हे माझं नाव नाय. दुसऱ्याच्या नावाचा पगार मी कशापायी घेऊ?" त्याचं बघून सगळे मागं सरले. पोळा तोंडावर, बैलांचा साज घ्यायचाय, आणि पगार अडकला. टेपवर जुनी फाइल होती म्हणून निभावलं, चिठ्ठ्या परत छापून दिल्या, पण कारखान्याच्या साहेबानं आपल्या साहेबाला फोनवर जे सुनावलं ते पलीकडच्या खोलीत ऐकू आलं.

आपले साहेब बाहेर येऊन म्हणाले, "त्या मुलीला उद्यापासून येऊ नको म्हणावं."

शबाना तुझ्यामागं उभी होती. "आपा, मैं तो गई," एवढंच म्हणाली.

तू उठलीस. "साहेब, दार उघडं आपण ठेवलं. गुरं आत शिरली तर तिला कशाला घालवता?" साहेब म्हणाले, मशीनला काय कळतं कुठला राम कोणाचा. तू म्हणालीस, "मशीनला नाही कळत. आम्हाला कळतं ना? पुढच्या महिन्याच्या दुरुस्त्या शबानाच करेल, तुमच्यासमोर. परत असं झालं तर ती जाईल आणि तिच्यासंगं मीही जाईन." मला न विचारता तू माझीही मान त्यात अडकवलीस, कारण चुकीचे हुकूम अडवणारी चाळणी आपण दोघांनी करायची होती. मी चिडलो होतो, विजया. तुझ्या नोकरीवर तेव्हा तुझ्या वडिलांचं, दादांचं औषधपाणी चालत होतं.

चाळणी म्हणजे ज्याला पुस्तकात रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात ते. खुणांची एक ओळ लिहायची. पोरीनं टाकलेला हुकूम त्या ओळीत बसला तर आत, नाही बसला तर दारातूनच परत. मी जेवायच्या सुट्टीत लिहूनसुद्धा टाकली: एस, रेघ, काहीही, रेघ, काहीही, रेघ. मोठ्या ऐटीत तुला दाखवली.

"काहीही म्हणजे काहीही? रेघसुद्धा?"

"व्हय."

"मग कुणी ढीगभर रेघा टाकल्या तरी आत येईल."

"कोण टाकतंय ढीगभर रेघा?"

"जी टाकेल तिचीच नोकरी जाणार आहे," तू म्हणालीस, आणि माझी ओळ पुसून टाकलीस.

तिथून आपलं जे जुंपलं ते महिनाभर. दोन रेघांच्या मधे रेघ सोडून काहीही, असं तू केलंस. मी म्हटलं, पत्त्यातल्या प्लॉट नंबरात रेघ असते, तिचं काय करणार? मग ठरलं की मजकुरातल्या रेघेच्या आधी उलटी रेघ टाकायची, म्हणजे ती मजकुराची समजायची. जुन्या मजकुराची जागा रिकामी चालणार नाही, यावर एकमत झालं. नवीन जागा रिकामी चालावी का, यावर दोन दिवस बोलणं बंद. तू म्हणायचीस, चालू द्यावी, कधी कधी खरंच काही पुसायचं असतं. मी म्हणायचो, पगाराच्या फाइलीत माणूस पुसायचा नसतो. शेवटी नावाच्या रकान्यात नाही आणि पत्त्याच्या रकान्यात चालेल, अशी तडजोड झाली. दोघांनाही ती आवडली नाही, म्हणजे बरी असावी.

पण रामाचं काय? चाळणी हुकुमाची घडण तपासते, अर्थ नाही. मी डोकं धरून बसलो होतो आणि तू उगाच माझ्या घरचं विचारायला लागलीस. आबा मेंढरं कुठं बसवतात, रानात कशी राखतात. मी सांगितलं, शेतात मेंढरं बसवायची तर भोवतीनं जाळी लावतात, दोन्ही टोकं आणून खुंटीला बांधतात. एक टोक मोकळं राहिलं तर सकाळी अर्धी मेंढरं दुसऱ्याच्या कपाशीत. तू ताठ बसलीस. "मग नावाला पण जाळी लाव. दोन्ही टोकं बांध." शब्द इथं सुरू होतो आणि इथं संपतो, अशा दोन खुणा असतात. नावाच्या रकान्यात जुन्या मजकुराला त्या दोन्ही खुणा असल्याशिवाय हुकूम आतच घ्यायचा नाही. बांधलेला राम फक्त राम, सखारामला हात लागत नाही. आणि हुकूम परत आला तर पडद्यावर 'चूक' असं लिहायचं नाही, हा तुझा हट्ट. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ यायची: नाव दोन्ही बाजूंनी बांधा. साहेबांना तिचा अर्थ कधी लागला नाही. पोरींना पहिल्या दिवशी लागला.

मग तू शबानाला बोलावलंस. "ये, बस. तुला जितकं चुकता येईल तितकं चूक."

"कित्ता चुकूं आपा?"

"चाळणी फाटेपर्यंत."

जन्मात पहिल्यांदा तिला चुकायची परवानगी मिळाली होती. दिवसभर ती आणि बाकीच्या पोरी वाट्टेल ते टाकत बसल्या, रेघ विसरल्या, उलटी टाकली, एस मागं टाकला, आणि चाळणी एकेक हुकूम परत देत राहिली. संध्याकाळी शबाना हळूच म्हणाली, "आपा, ये देखो ना." तिनं एक धड हुकूम टाकून त्याच ओळीत पुढं दुसरा अर्धा टाकला होता आणि चाळणीनं तो गिळला होता. आपण दोघंही ओळीचा शेवट बांधायला विसरलो होतो. तू इतकी हसलीस की खालचा सायकलवाला जिन्यात येऊन बघून गेला. नावाची टोकं बांधणारे आपण, आपलंच टोक मोकळं. तुझ्या त्या हसण्यानंतर शबाना घाबरायची कमी झाली, हे मी नंतर कितीदा तरी पाहिलं.

आणि मग ते शेवटचं भांडण. तुला चाळणी पुरेशी वाटेना. धड हुकूमही चुकीचा असू शकतो, म्हणून काम करायच्या आधी मशीननं बदलणाऱ्या ओळी दाखवाव्यात आणि विचारावं, करू का? एच म्हणजे हो, एन म्हणजे नाही. इथवर मला मान्य. पण नुसतं एंटर दाबलं तर काय समजायचं? मी म्हटलं, हो समजावं. शंभरातले बहुतेक हुकूम बरोबरच असतात, दर वेळी एच दाबायला लावलं तर पोरींची बोटं झिजतील.

"झिजू दे," तू म्हणालीस. "हो म्हणायला कष्ट पडले पाहिजेत, दत्ता. गप्प राहिलं तर ते नाहीच."

मी वैतागून म्हटलं, कर तुझ्या मनासारखं. तू केलंस.

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्ची ओढून शबानाच्या शेजारीच बसले. त्यांनी मुद्दाम तोच हुकूम टाकायला लावला, राम आणि रामचंद्र. चाळणीनं परत दिला. शबानानं दोन्ही टोकं बांधून परत टाकला. पडद्यावर एकट्या रामाची ओळ आली आणि खाली प्रश्न, करू का. साहेब म्हणाले, "हं, पुढं." त्या आवाजानं पोरगी दचकली आणि तिचं बोट नुसत्या एंटरवर पडलं. पडद्यावर आलं: काही बदललं नाही.

साहेबांनी पुढं वाकून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "म्हणजे घाबरून दाबलं तरी काही बिघडत नाही?"

"नाही," तू म्हणालीस. "म्हणूनच."

ते उठले, जाताना शबानाला म्हणाले, "उद्या वेळेवर या." बस, एवढंच. माझं ऐकलं असतंस तर तिच्या दचकलेल्या बोटाला मशीननं हो समजलं असतं, आणि हो हे तिनं म्हटलेलंच नव्हतं. हुकूम बरोबर होता, काम झालंच असतं, पण साहेबांना जे कळलं ते कळलं नसतं. तुझे त्या दिवशीचे आभार मी मानले नाहीत. मानले असते तर म्हणाली असतीस, 'पण दत्ता, ओळीचा शेवट शबानानं शोधला.'

मग विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. इतकी वर्षं मोर्चे, लाठ्या, तुरुंग, जळालेली घरं, आणि एका दिवशी रेडिओवर बातमी. एका कॉलेजनं आपल्याकडं मुलांच्या पत्त्यांची फाइल पाठवली, सगळीकडं विद्यापीठाचं नाव बदलून द्या म्हणून. दादा त्या दिवशी मुद्दाम माडी चढून आले. नामांतरासाठी जेलात जाऊन आलेला माणूस, जिन्यात दोनदा थांबला, पण आला. धुतलेला सदरा घातला होता. तुझ्या खुर्चीमागं काठी टेकून उभे राहिले.

जुनं नाव पुसायचं नव्हतं. नवं नाव त्याच्या आधी लावायचं होतं. त्यासाठी हुकुमात & अशी एक खूण असते, ती नव्या मजकुरात टाकली की मशीन तिथं जुना मजकूर जसाच्या तसा ठेवते. तू नवं नाव टाइप केलंस, पुढं ती खूण टाकलीस. चाळणीनं हुकूम आत घेतला. ओळी आल्या. करू का?

तू उठून दादांना बसवलंस. "एच दाबा."

त्यांना तो सापडेना. आपण कुणी बोट दाखवलं नाही. त्यांनी एकेक अक्षर बघत शोधला आणि दाबला, आणि नंतरसुद्धा बोट उचललं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. शबानानं धावत खाली जाऊन पेढे आणले. मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा मी, मला तिथं उभं राहायला मिळालं, हे तुझ्यामुळं. हे मी माझ्या पोरांना सांगितलंय. तुला कधी सांगितलं नाही.

दादा खूश होते, तू नव्हतीस. ते गेल्यावर म्हणालीस, "त्यांनी मार खाल्ला तो नाव बदलायसाठी, पुढं जोडायसाठी नाही." मी म्हटलं, जुनं राहिलं, नवं आलं, कुणाचं काय गेलं? "तुला सोपं आहे," तू म्हणालीस. एवढ्या एका वाक्यावर आपण पुढं सगळं आयुष्य भांडलो. मी म्हणायचो, पुढं जोडलेलंही पहिलंच वाचलं जातं. तू म्हणायचीस, मागितलं एक आणि दिलं दुसरं, मग गोड मानून घ्यायचं आम्हीच का. परवापरवा शहराचं नाव बदललं तेव्हा तुझा फोन आला. ना हॅलो, ना काही. "दत्ता, यात & नाही रे." आणि हसत सुटलीस. या भांडणात तू बरोबर होतीस की मी, हे मला खरंच माहीत नाही, विजया, आणि आता विचारायचं कुणाला?

एक सुनीताचं राहिलं. माझी थोरली. तिला बघायला लोक आले होते, चांगलं घर, नात्यातलंच. पोरीनं पोह्यांच्या बशा दिल्या आणि खाली मान घालून बसली. त्यांनी विचारलं, पसंत आहे का? ती काही बोलली नाही. बायका म्हणाल्या, लाजली, म्हणजे हो. सगळे हसले, साखर वाटली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे घेऊन आलो. तू हातात घेतलास, तोंडात घातला नाहीस.

"तिनं हो म्हटलं?"

"लाजली गं. पोरी बोलतात का?"

"म्हणजे नुसतं एंटर."

मला राग आला. पेढ्याचा पुडा तिथंच टाकून मी निघालो. पण घरी गेल्यावर बायकोला बाहेर पाठवलं आणि सुनीताला विचारलं, बाई, नीट सांग, हो का नाही? ती पदराशी चाळा करत म्हणाली, "नाही, आप्पा." आणि जे रडायला लागली ते थांबेना. शब्द मोडला म्हणून नातेवाईक लई बोलले. बोलू दे म्हटलं. सुनीता शिकली, नोकरीला लागली, आणि पुढं एके दिवशी स्वतः होऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि एकाचं नाव घेऊन म्हणाली, "आप्पा, याला हो." तुझ्या अंत्ययात्रेला ती पोरगं कडेवर घेऊन आली होती. तुझ्या पायावर डोकं ठेवून उठेचना. लोकांना वाटलं, ही कोण. मी कुणाला खुलासा केला नाही.

तर काल शबानाकडं गेलो होतो ते यासाठी. तिचं स्वतःचं छपाईचं दुकान आहे, ते तुला माहीतच आहे. पाटी लावायला तूच स्टुलावर चढली होतीस. रविवारी तुझा पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. तुझ्या मुलानं कार्डाचा मजकूर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, काका, तेवढं छापून आणा. शबानानं तुझं नाव आधीच टाइप करून ठेवलं होतं. मी खुर्चीत बसलो. तिनं चष्मा वर केला, नावाच्या आधी कर्सर नेला आणि एक शब्द जोडला. कालकथित, तुमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो. तुझं नाव जसंच्या तसं, एक काना हलला नाही, आणि तरी ते आता तुझं राहिलं नव्हतं. जुनं राहिलं तर कुणाचं काय गेलं, असं मी तुला किती वर्षं विचारत होतो.

शबानानं पडदा माझ्याकडं वळवला. "दत्ताभाई, बराबर है ना? छापूं?"

मला बोलता येईना.

तिनं छापलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दुकानात माझ्या गप्प बसण्याला हो समजून मशीन सुरू झाली असती. शबानानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी बसून राहिली. कागदावर तो शब्द न लागलेली तू, तेवढा वेळ अजून होतीस. तो वेळ तू मला दिलास.

मग मी हो म्हटलं. लई कष्ट पडले, विजया.